आधी सहवास

मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात बारा शिष्यांच्या नेमणुकीची हकिकत आली आहे. येशू डोंगरावर चढून गेला, जे त्याला हवे होते त्यांना त्याने आपल्याकडे बोलावले आणि त्यांतून बारा जणांना नेमले. ही नेमणूक कशासाठी होती हेही मार्क सांगतो, आणि ते सांगताना तो जो क्रम लावतो, त्या क्रमापाशी आज आपण थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. त्यांना उपदेशासाठी पाठवायचे होते, भुते काढण्याचा अधिकार त्यांना द्यायचा होता. पण या दोहोंच्या आधी मार्क एक अगदी साधे कारण लिहितो, ते हे की त्यांनी त्याच्याबरोबर असावे. शिष्यत्वाचे पहिले प्रयोजन सहवास. कार्य, अधिकार, वाणी, दूरदूरचे प्रवास आणि अखेरीस पत्करलेले हौतात्म्य, हे सारे त्या सहवासाच्या पोटी पुढे जन्माला आले.

आज आपल्या हातात जे यंत्र आहे, त्याने ख्रिस्ताचा शब्द आपल्या इतक्या जवळ आणून ठेवला आहे की आपल्या पूर्वजांना ते स्वप्नातही दिसले नसते. मराठी पवित्र शास्त्र मोबाइलवर विनामूल्य वाचता येते, चालता चालता ऐकता येते. वसईच्या एखाद्या धर्मग्रामातली मिस्सा दुबईत बसून पाहता येते. सकाळी डोळे उघडतात न उघडतात तोच मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर आजचे वचन येऊन थांबलेले असते. हे दान आहे, आणि दानाला नाक मुरडणे कृतज्ञ माणसाला शोभत नाही. तरीही आपण जे कोणी ख्रिस्ताच्या मागे चालू पाहतो, त्या सर्वांनी स्वतःला एक गोष्ट विचारली पाहिजे: शब्द जवळ आला, पण ज्याचा तो शब्द आहे त्याचा सहवास वाढला का? वचनांची संख्या वाढली म्हणजे सहवास वाढला असे होत नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला आतून ठाऊक आहे. म्हणूनच सहवास म्हणजे नेमके काय, याकडे शांतपणे पाहण्याची गरज आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे दोन शिष्य येशूच्या मागे जाऊ लागतात. तो वळतो आणि त्यांना काय हवे ते विचारतो. त्यांचा प्रतिप्रश्न पाहा: तो कुठे राहतो, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे आहे. सिद्धान्त नाही, चिन्ह नाही, भविष्य नाही. त्यांना त्याचे बिऱ्हाड पाहायचे आहे. येशूही त्यांना पत्ता सांगून वाटेला लावत नाही, येऊन पाहा म्हणतो. आणि ते जातात, पाहतात आणि तो दिवस त्याच्याकडेच राहतात. शुभवर्तमानकाराने इथे एक विलक्षण गोष्ट केली आहे. त्या दिवशी त्या घरात काय बोलणे झाले याविषयी त्याने एक अक्षरही लिहिलेले नाही, वेळ मात्र आठवणीने नोंदवली आहे: दहावा तास, म्हणजे दुपारचे चार वाजण्याचा सुमार. ज्याने पुढे प्रभूची दीर्घ संभाषणे इतक्या बारकाईने लिहिली, त्याला पहिल्या भेटीतले शब्द सांगावेसे वाटले नाहीत आणि घटका मात्र सांगावीशी वाटली. सहवासाची स्मृती अशीच असते. शब्द मागे पडतात, आणि आपण कोणापाशी होतो, केव्हा होतो, हे जन्मभर राहते.

डोंगरावरचे प्रवचन मोठ्याने वाचले तर पाव तासाच्या आसपास संपते. आजच्या भाषेत बोलायचे तर ते एका लहानशा चित्रफितीत मावेल. मग शिष्य त्याच्या मागून, परंपरा मानते त्याप्रमाणे, सुमारे तीन वर्षे का हिंडले? कारण त्या प्रवचनातले जीवन त्यांना माणसाच्या अंगावर पाहायचे होते. चिंता करू नका असे सांगणारा तारवात उशीला डोके टेकून वादळातही झोपलेला त्यांनी पाहिला. शोमरोनातल्या विहिरीपाशी तो थकून बसलेला त्यांनी पाहिला, लाजराच्या थडग्यापाशी रडताना पाहिला, आणि शेवटच्या रात्री कमरेला रुमाल गुंडाळून आपलेच पाय धुताना पाहिला. प्रार्थना शिकव, अशी विनंती त्यांनी केली तीही एखादे व्याख्यान ऐकून केलेली नाही. लूक सांगतो की तो प्रार्थना करीत होता, ती संपली, आणि मग एका शिष्याने ते मागितले. आधी पाहणे, मग मागणे. आपल्याकडे नवा गोऱ्हा कामाला लावायचा तर शेतकरी त्याला जुन्या, मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतो. एकाच जुवाखाली चालता चालता त्याला चाल कळते, वळण कळते, थांबणे कळते. माझे जू आपणांवर घ्या आणि माझ्यापासून शिका, या अर्थाचे जे आमंत्रण मत्तयाने नोंदवले आहे, त्यात शिकणे आणि जुंपले जाणे एकत्रच आले आहे. चित्रफितीतून प्रवचनकाराची उत्तम घटका आपल्याला मिळते, आणि तीही मोलाची असते. सहवासातून त्याच्या उरलेल्या सगळ्या घटका मिळतात, आणि शिष्य घडतो तो बहुतांशी त्या उरलेल्या घटकांत.

याचा अर्थ दूरून आलेला शब्द सहवासाचा वैरी आहे असा मात्र कोणी घेऊ नये, कारण आपल्या नव्या करारातली अर्ध्याहून अधिक पुस्तके मुळी दूरवर पाठवलेली पत्रेच आहेत. पौलाने रोमकरांना पत्र लिहिले तेव्हा तो रोमला गेलेलाही नव्हता. तर्त्याने ते लिहून घेतले, आणि किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची त्याच पत्राच्या शेवटी पौलाने जी शिफारस केली आहे, तीवरून ते पत्र तिच्याच हाती रोमला गेले असे अभ्यासक मानतात. लेखणी, पपायरस, रोमन रस्ते आणि जहाजे हे त्या काळचे संपर्कतंत्र होते, आणि मंडळीने ते निःसंकोच वापरले. पण ती पत्रे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. थेस्सलनीकेच्या मंडळीला लिहिताना पौल त्यांचे मुख पाहण्यासाठी तळमळतो, रात्रंदिवस तीच प्रार्थना करतो. रोमकरांच्या पत्राच्या आरंभीच त्यांना भेटण्याची आस तो व्यक्त करतो. योहानाचे दुसरे पत्र तर थोडक्यात आटोपते, कारण कागद आणि शाई यांच्यावर उरलेले सोपवण्यापेक्षा प्रत्यक्ष भेटून, समोरासमोर बोलण्याची लेखकाला आशा आहे, आणि आनंद पूर्ण होईल तो तेव्हाच असे तो मानतो. प्रेषितांनी पत्राला सहवासाची जागा दिली नाही. सहवासाची ओढ जागी ठेवण्याचे काम दिले. साधन कोणतेही असो, त्याची पारख आपल्याला याच एका खुणेने करता येते. त्याने भेटीची ओढ वाढते का, की भेटीची गरजच उरली नाही असे वाटू लागते?

ही पारख आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेला नवी नाही. १५५६ साली गोव्यात छापखाना आला, भारतातला पहिला. तेवीस वर्षांनी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्युइट गोव्यात उतरला आणि मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे, त्याच भूमीत राहिला, मुख्यतः साष्टीच्या लोकांमध्ये. त्याच्या क्रिस्तपुराणाची पहिली छापील आवृत्ती १६१६ साली राचोल येथे निघाली. त्या जवळजवळ अकरा हजार ओव्यांकडे आपण भाषेचा चमत्कार म्हणून पाहतो, आणि तो आहेच. पण परक्या देशातून आलेल्या माणसाला ओवीची लय साधली ती त्या माणसांत वर्षानुवर्षे घालवल्यामुळे. पुराण छापले गेले तेही कोणी एकट्याने कोपऱ्यात बसून वाचावे एवढ्यासाठी नव्हे. देवळात जमलेल्या लोकांपुढे ते मोठ्याने वाचले जाई आणि सारे मिळून ऐकत. सहवासातून शब्द निघाला, यंत्राने तो वाढवला, आणि पुन्हा तो सहवासातच जाऊन पोचला. नव्या साधनाचा याहून निर्मळ उपयोग मला सुचत नाही.

नारायण वामन टिळकांची कथा आपल्याला ठाऊक आहे. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते कवी म्हणून आणि साधक म्हणून खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अनोळखी माणसाच्या हातून आलेले एक पुस्तक एवढे करू शकते, हे मोबाइलवर एकाकी बसून वचन वाचणाऱ्या आजच्या तरुणाने अवश्य ध्यानी धरावे. परमेश्वराला कोणतीही वाट अरुंद नाही. पण त्याच घरातली दुसरी कथा तितक्याच लक्षपूर्वक वाचायला हवी. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना पुस्तकाने जिंकले नाही, वादाने तर नाहीच. ताटातुटीचे दुःख भोगून त्या पतीकडे परतल्या, आरंभी आपले सोवळे-ओवळे सांभाळीत राहिल्या, आणि एका घराच्या रोजच्या व्यवहारात, माणसामाणसांतला भेद त्यांच्या मनातून हळूहळू गळत गेला. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली, त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. त्यांचे आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचताना जाणवते की त्या पाच वर्षांत कोणी त्यांना घाई केली असती तर सारे बिघडले असते. सहवासाला वेळ लागतो, आणि तो वेळ वाया गेलेला नसतो. बीज रुजण्याचा तो एकमेव काळ असतो. आजच्या साधनांचा सारा भर मात्र वेळ वाचवण्यावर आहे, म्हणून शिष्यत्वाच्या बाबतीत तरी आपण त्यांच्या गतीला आपली गती मानू नये.

पंडिता रमाबाईंनी तर सहवासाचे आणखी एक रूप दाखवले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी अनाथ, टाकलेल्या मुली आणि स्त्रिया आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे त्या त्यांच्यासोबत राहिल्या, त्यांची आई झाल्या. आणि या स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र असावे म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे भाषांतराला दिली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले, तेव्हा ते काम हातावेगळे झाले होते. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी त्याचे खिळे जुळवले गेले. काही विद्वानांना ती भाषा साधी वाटली असेल. पण जिच्यासाठी शब्द निवडायचा ती समोर बसलेली आहे, तिचा चेहरा रोज दिसतो आहे, अशा सहवासातून आलेल्या भाषेचा तोल वेगळाच असतो. आज सुवार्तेचे संदेश तयार करणाऱ्या आपल्या तरुणांनी रमाबाईंचे हे पाऊल पाहावे. ऐकणारा कोण हे ठाऊक नसताना केलेले निवेदन हजारोंपर्यंत जाते, आणि ज्यांच्यात राहून ते केले त्यांच्यासाठी केलेले निवेदन शतकभर टिकते.

आता सहवासाचा आणखी एक पदर उलगडू. येशूने निवडलेल्या बारांमध्ये जकातदार म्हणून काम केलेला मत्तय होता, आणि ज्याच्या नावापुढे जहाल हे विशेषण लागलेले आहे तो शिमोनही होता. एक सत्ताधाऱ्यांसाठी कर गोळा करणारा, दुसऱ्याच्या नावाशीच स्वातंत्र्याची आग जोडलेली. बाहेर हे दोघे एका पंक्तीला बसले नसते. दोघांनीही एकमेकांना निवडले नव्हते. दोघांना त्याने निवडले होते, आणि त्याच्यासोबत राहायचे तर एकमेकांसोबत राहणे ओघानेच आले. आपल्या हातातल्या पडद्यामागचे गणित याच्या बरोबर उलट चालते. आपण कुठे रेंगाळलो, काय आवडले, कशावर चिडलो, याचा हिशेब ठेवून ते आपल्यापुढे आपल्यासारखेच आणून मांडते. आणि जो नकोसा वाटतो त्याला दृष्टीआड करायला एक बोट पुरते. अशा ठिकाणी समविचारी जमतात, मंडळी जमत नाही. रविवारी देवळात आपल्या शेजारी कोण बसेल हे आपल्या हाती नसते, त्याचा पक्ष, त्याचा सूर, त्याचे जुने भांडण घेऊनच तो येतो, आणि शांतीची खूण म्हणून त्याच्याकडेच हात पुढे करावा लागतो. न निवडलेल्याचा सहवास ही ख्रिस्ताची शाळा आहे. क्षमा हा विषय दुसऱ्या कुठल्या शाळेत शिकवलाच जात नाही.

डीट्रिख बोन्हॉफर या जर्मन धर्मवेत्त्याने नाझी राजवटीच्या काळात हेच ओळखले होते. १९३५ ते १९३७ या काळात फिंकेनवाल्डे येथे त्याने पाळकपदाच्या विद्यार्थ्यांना एकत्र जीवनाची शिस्त लावली: एकत्र प्रार्थना, एकत्र भोजन, एकत्र अभ्यास, आणि एकमेकांपुढे पापांगीकार. शिष्यत्वावरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक १९३७ चे, आणि त्याच वर्षी गेस्टापोने ते विद्यालय बंद पाडले. पुढे विखुरलेल्या, काही तर युद्धभूमीवर गेलेल्या विद्यार्थ्यांना तो पत्रके लिहून पाठवत राहिला, आणि एकत्र जीवनाच्या अनुभवावरचे पुस्तक त्याने त्या ताटातुटीनंतर लिहिले. दुसऱ्या विश्वासू माणसाचे सदेह समोर असणे ही देवाची कृपा आहे, ती गृहीत धरू नये, असा त्या पुस्तकातला त्याचा आग्रह आहे. त्याची पत्रके पोचत होती, ती धीरही देत होती, कारण त्यांच्या मागे जगलेला सहवास होता. सहवासाची पुंजी असली की दूरचा शब्द तीतून खर्च करू शकतो. पुंजीच नसेल तर नुसते शब्द किती दिवस पुरणार?

इथवर आपण माणसांच्या सहवासाविषयी बोललो, पण त्याचा गाभा अजून आत आहे. मार्काच्या पहिल्या अध्यायात कफर्णहूमची ती संध्याकाळ आहे, जेव्हा सारे नगर दाराशी लोटले. दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून एकांतात गेला आणि प्रार्थना करू लागला. शिमोन आणि सोबती त्याला शोधत आले. सगळे लोक तुला शोधत आहेत, हे त्यांनी मोठ्या उत्साहाने सांगितले. आजच्या मोजमापाने पाहिले तर लोकप्रियतेची ती परमावधी होती, आणि थांबून तिचा लाभ घ्यावा असे कोणालाही वाटले असते. तो मात्र दुसऱ्या गावांकडे निघाला, कारण कशासाठी आलो हे त्याला पित्याच्या सहवासात पक्के उमगलेले होते, गर्दीला विचारून ठरवावे लागत नव्हते. त्यानेच आपल्याला आतल्या खोलीत जाऊन, दार लावून घेऊन प्रार्थना करायला शिकवले आणि उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये इतके दान झाकायला सांगितले. आपल्या काळात हेच दार सर्वांत आधी उघडे पडले आहे. उपवास केला तर त्याचे चित्र, रुग्णाला भेटलो तर त्याचे चित्र, डोळे मिटून गुडघे टेकले तर त्याचेही चित्र. साक्ष देण्याच्या हेतूनेच अनेक जण हे करतात, त्या हेतूवर मी संशय घेत नाही. पण ज्या सहवासाला कायम तिसरा साक्षीदार लागतो, तो सहवास वरवरचाच राहतो. पिता गुप्तपणे पाहतो, एवढे ज्याला पुरते त्याचीच प्रार्थना खोल जाते.

२०२० सालाने आपल्या सर्वांची परीक्षा घेतली. महामारीमुळे २५ मार्चपासून देश बंद झाला. दोन दिवसांनी, पावसाने भिजलेल्या रिकाम्या सेंट पीटर्स चौकात पोप फ्रान्सिस यांनी जगासाठी प्रार्थना केली आणि कोट्यवधींनी ती घरी बसून पाहिली. १२ एप्रिलचा ईस्टर आपण पडद्यासमोर साजरा केला. महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरला उघडेपर्यंत कित्येक वृद्धांना पाळकांचा आवाज ऐकू आला तो नातवंडांच्या मोबाइलमधून, आणि त्या आवाजाने त्यांना तारून नेले. त्या दिवसांत पडद्याने केलेली सेवा मंडळीने कधी विसरू नये. पण त्याच दिवसांनी मर्यादाही स्पष्ट केली. शब्द पोचत होता, गीत पोचत होते, आशीर्वाद पोचत होता. धर्मगुरूच्या हातून मिळणारा ख्रिस्तप्रसाद पोचत नव्हता, आणि मृताच्या घरी जाऊन खांद्यावर ठेवायचा हात पोचत नव्हता. व्हॅटिकनच्या सामाजिक संपर्क परिषदेने २००२ सालीच इंटरनेटविषयीच्या आपल्या निवेदनात हे स्पष्ट केले होते की संस्कारांना आंतरजालावर स्थान नाही आणि तिथला अनुभव प्रत्यक्ष मंडळीची जागा घेऊ शकत नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत याविषयी निरनिराळे विचार झाले, पण भूक मात्र सर्वांना एकच लागली होती. शब्द देही झाला आणि त्याने आपल्यामध्ये वस्ती केली, यावर ज्यांचा विश्वास उभा आहे, त्यांना देहाचा सहवास ऐच्छिक वाटू शकत नाही.

या काळात शिष्यत्व कसे दिसेल याचे एक उदाहरण परमेश्वराने आपल्याला दिले आहे. कार्लो अकुतिस हा इटालियन मुलगा १९९१ मध्ये जन्मला आणि १२ ऑक्टोबर २००६ रोजी, पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेला. संगणकात तो तरबेज होता. जगभरच्या ख्रिस्तप्रसादाविषयीच्या चमत्कारांची माहिती गोळा करून त्याने संकेतस्थळ तयार केले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले, तेव्हा जगाने त्याला संगणकयुगाचा संत म्हटले. पण त्याचा दिनक्रम पाहिला तर त्यात रोजची मिस्सा आहे, संस्कारापुढे मौनात बसणे आहे, रस्त्यावरच्या बेघरांकडे जेवण घेऊन जाणे आहे. त्याच्या घरी काम करणाऱ्या, जन्माने हिंदू असलेल्या मॉरिशसच्या गृहस्थांनी पुढे बाप्तिस्मा घेतला, तो या मुलाला रोज जवळून पाहिल्यामुळे. संकेतस्थळ त्याच्या हाताचे काम होते. सहवास त्याचा श्वास होता, आणि श्वास होता म्हणून काम उजळले.

आता तर प्रश्न लिहिताक्षणी उत्तर रचून देणारी यंत्रेही आली आहेत. वचनाचा संदर्भ, ग्रीक शब्दाचा अर्थ, प्रवचनाचा आराखडा, सारे ती क्षणात देतात, आणि अभ्यासकाला त्यांचा उपयोग होईलही. तरी योहानाच्या शेवटच्या अध्यायातला तिबिर्या समुद्राचा किनारा आठवा. कोळशांच्या विस्तवावर मासळी आहे, भाकर आहे. प्रभूने आधी शिष्यांना जेवू घातले आणि जेवण झाल्यावर पेत्राला विचारले, तीन वेळा विचारले, की माझ्यावर तुझे प्रेम आहे का. यंत्र आपल्याला उत्तरे देते. प्रभू आपल्याला प्रश्न करतो. तोही सर्वांसमोर त्याला नाकारणाऱ्या शिष्याला, त्याच्याच जुन्या जाळ्यापाशी, पंक्तीला बसवून. ज्या सहवासात आपल्याला कोणी असे विचारू शकते, तिथेच आपले शिष्यत्व जिवंत असते. आणि जिथे आपण केवळ विचारणारे आणि निवडणारे असतो, तिथे आपण शिष्य नसून ग्राहक असतो.

काही जणांना पडद्यापलीकडे दुसरे दारच नाही, हे मी विसरलेलो नाही. अंथरुणाला खिळलेले, महिनोन्‌महिने समुद्रावर असणारे, आखाती देशांत रविवारीही कामावर जाणाऱ्या आपल्या परिचारिका, ज्या खेड्यात पाळक महिन्यातून एकदाच येतात तिथली कुटुंबे: यांच्यासाठी तो पडदा म्हणजे फिबीच्या हातचे पत्र आहे, आणि ते पत्र जपून पोचवणे हे आपले कर्तव्य आहे. २०२३ साली समाजमाध्यमांविषयी व्हॅटिकनने जे चिंतन प्रसिद्ध केले, त्याने चांगल्या शोमरोन्याचा दृष्टान्त मध्यभागी ठेवला, तो फार समर्पक आहे. वाटेवरून तिघेही गेले, तिघांनीही जखमी माणसाला पाहिले. शेजारी ठरला तो जवळ गेलेला. आंतरजालाच्या वाटेवरही असे पडलेले पुष्कळ दिसतात. पाहणे तिथे होते. जवळ जाण्यासाठी मात्र उठावे लागते.

तेव्हा, बंधुभगिनींनो, सहवासाला पहिली जागा परत द्या. सकाळी मोबाइल हाती घेण्याआधी थोडा वेळ प्रभूपाशी बसा, त्याचे चित्र काढू नका, कोणाला सांगू नका. पवित्र शास्त्र ॲपवर वाचा की पुस्तकात, पण आठवड्यातून एकदा तरी दुसऱ्या कोणाबरोबर बसून मोठ्याने वाचा. ज्याला तुम्ही गटातून वगळले आहे, त्याच्या नावाने प्रार्थना करा, आणि रविवारी त्याच्या शेजारी जाऊन बसा. तुमच्या मंडळीत जे वृद्ध सेवक आहेत त्यांच्या घरी आपल्या मुलांना घेऊन जा; ते काही शिकवोत न शिकवोत, मुलांना त्यांच्या सहवासात राहू द्या. आणि उद्या सकाळी एखादे वचन कोणाला पाठवण्यासाठी बोट पुढे झाले, तर ज्याला ते पाठवायचे तो चालत जाण्याइतका जवळ राहतो का एवढे स्वतःला विचारा. राहत असेल, तर ते वचन घेऊन तुम्ही स्वतः त्याच्याकडे जा.